लीलाबाईचं कोपर

सलिमानं हात वर केला तो फडक्यासाठी. मनात दुसरं काही नव्हतं. लीलाबाईच्या हातातलं फडकं तेलानं इतकं भिजलं होतं की त्यानं पुसून बरणीचं तोंड उलट जास्तच चिकट होत होतं, आणि कोरड्या फडक्यांची फळी लीलाबाईच्या बरोबर डोक्यावर, लाइन थांबवायच्या लाल बटणाला लागून. सलिमा मागनं आली, काही न बोलता आली, हात वर केला, आणि लीलाबाईचं कोपर झटदिशी कानापाशी आलं. मान खाली, खांदे आत, कोपर वर. पापणी मिटून उघडेपर्यंतच. मग त्याच कोपराला काहीतरी काम दिल्यासारखं करून तिनं डोक्यावरची जाळीची टोपी नीट केली आणि परत बरण्या पुसायला लागली. पट्टा सरकत होता. लिंबाच्या लोणच्यानं भरलेल्या काचेच्या बरण्या एकमेकींना खेटून, टुकटुक वाजत पुढं चालल्या होत्या. पलीकडं झाकणं लावणारी छकुली खोकली. कोण ना कोण दिवसभर खोकतच असायचं, मिरचीचा ठसका. सलिमानं फडकं काढलं, "घे" म्हणाली, लीलाबाईनं न बघता हात मागं करून घेतलं. एवढंच झालं. कुणाला सांगायला जावं तर सांगण्यासारखं काहीच झालं नव्हतं.

पण सलिमाच्या हाताला ते लागलं. हात खाली घेतला तरी तो वरच राहिलाय असं वाटत होतं. दुसऱ्याच कुणाचा तरी हात आपल्या खांद्याला येऊन चिकटलाय, असं. ती लाइनच्या टोकापर्यंत चालत गेली, उगाच एक बरणी उचलून लेबल सरळ हाय का बघितलं, परत आली. हिला कुणी मारलंय? मी? अल्लाकसम, मी कधी बोट लावलं न्हाय. तोंडानं बोलले असंन. तोंडानं काय वळ उठतात का? ती हितं लोणी देवकरच्या शेडमधे पहिल्यांदा कामाला लागली तेव्हा जो सुपरवायझर होता तो शिट्टी मारून बोलवायचा, शेळ्यांना मारतात तशी, आणि सगळ्या बायका एकदम वळून बघायच्या, कुणाला मारली ते कळायचं नाही म्हणून. तो गेला. सलिमा लाइन लीडर झाली, एकोणिसाव्या वर्षी, आणि पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, आजपास्नं हितं शिट्टी न्हाय. बायकांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, हितं मावशी-काकू-आत्या बी न्हाय. मावशी म्हटलं की मावशीला जरा टेकावंसं वाटतं, आत्याची कंबर दुखती, काकूची सून बाळंत होती. नाव घ्यायचं आन् काम करायचं. तेव्हा टाळ्या नव्हत्या. आणि नावं तरी कुठं राहिली? लीलाबाईची म्हातारी झाली, छकुलीची बुटकी झाली, बाकीच्या नुसत्या ए झाल्या. बायका मागं तिला हंटर म्हणायच्या. तिला माहीत होतं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा तिला जरा बरंच वाटलं होतं.

बुधवारी बारामतीत ती बाई काय म्हणाली ते आत्ता आठवायचं नव्हतं, तर नेमकं तेच आठवायला लागलं. कोचिंग. बारामतीत शिरलं की चौकाचौकात हाच शब्द. दहावी कोचिंग, बारावी कोचिंग, फ्लेक्सवर हुशार पोरांचे गोरे केलेले फोटो, फोटोखाली टक्के. सलिमानं नववीतच ह्या सगळ्याला रामराम ठोकलेला, आणि आता कंपनीच तिला गाडीत घालून कोचिंगला पाठवत होती. घरी सांगितलं तर तिचा बाप हसला. बाप म्हणजे चाँदभाई, इंदापुरात गाड्यांच्या सीटा शिवतो तो. दोरा दातात धरून हसत म्हणाला, "कंपनीत बी नापास झालीस व्हय गं?" नापासच की. शिफ्टचे साहेब, यशराज सर, त्यांनी सरळ सांगितलं होतं की तू माल चांगला काढतेस पण तुझ्या लाइनवर बाई टिकत नाही, आली की चालली, तर जा आणि माणसांशी बोलायचं शिकून ये. बोलायचं शिकून ये! जन्मल्यापास्नं जो तो तिला गप्प बस म्हणत आलेला, घरात, मदरशात, शाळेत, आणि आता म्हणे बोलायला शीक. ती पहिल्या बुधवारी गेली तीच दात खात.

पण तिथली शिकवणारी अनिता मॅडम तिला वाटली होती तशी निघाली नाही. फळा नव्हता, पडद्यावरची चित्रं नव्हती, टाळ्या वाजवा नव्हतं. दुकानावरची एक खोली, दोन खुर्च्या, मधे स्टुलावर भाजलेल्या शेंगांची पिशवी. बाई मूळची लोणी भापकरची. आधी स्वतःच एका कापडाच्या कंपनीत सुपरवायझर होती म्हणे. शेंगा फोडायची, टरफलं पदरात गोळा करायची आणि नुसतं विचारायची. मग काय झालं? मग ती काय म्हणाली? मग तू? सलिमानंही बिनधास्त सांगितलं, लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. बरणीच्या तोंडाचा बारकासा जरी टवका उडाला तरी 'काच' म्हणून ओरडायचं, लाल बटण दाबायचं, आजूबाजूच्या सगळ्या बरण्या फेकायच्या, पट्टा धुवायचा, मग परत चालू. नियमच हाय मॅडम. लोणच्यात काच दिसत न्हाय, मसाल्यात मसाल्यासारखी होऊन बसती, आन् मग कुणाच्यातरी ताटात. नियम बरोबरच हाय. पण लाइन थांबली की बोर्डावरचा बरण्यांचा आकडा थांबतो, आकडा थांबला की यशराज सर येतात, म्हणून सर यायच्या आधी मी पोचते. दिवाळीत एकदा ती म्हातारी वराडली, काच काच. मी म्हटलं, म्हातारे, डोळं फुटलं का तुजं, मसणात जायच्या वयात हितं कशाला मरायला येतीस? सांगताना सलिमा हसलीसुद्धा. सगळी लाइन कशी गार झाली ते आठवून.

अनिता मॅडम हसल्या नाहीत. हातातली शेंग हातात राहिली. "मला म्हण," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हेच. आत्ता म्हणालीस तेच. मी लीलाबाई, तू सलिमा. त्याच आवाजात म्हण."

सलिमानं तोंड उघडलं. "म्हातारे," एवढं बाहेर पडलं, तेही मांजराच्या पिल्लासारखं. पुढचं गळ्यात अडकलं. तिनं परत घसा खाकरला, परत तोंड उघडलं. खालच्या दुकानातनं कुणीतरी शटर ओढल्याचा आवाज आला.

"का गं, काय झालं?"

"तुमाला कसं म्हणू मॅडम?"

"का? माझं वय बी तेवढंच हाय की. मेंदी लावलीय म्हणून, न्हायतर डोकं सगळं पांढरं." मॅडमचा आवाज अचानक गावाकडं गेला होता. "लीलाबाईला म्हणता येतं, मला म्हणता येत न्हाय. असं काय हाय माझ्यात?"

सलिमानं खाली बघितलं. मॅडमच्या चपला, खुर्चीचे पाय.

"मला वाटलं होतं तुझी जीभ तुझ्या ताब्यात न्हाय," मॅडम म्हणाल्या. "तर हाय की चांगली. खुर्ची बघून थांबती." आणि त्यांनी शेंग फोडली. सलिमाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. जाताना मॅडमनी दारात एवढंच सांगितलं, "ह्या आठवड्यात एकदा, एकदाच हां, कुणालातरी एक प्रश्न विचार आणि उत्तर येईपर्यंत गप्प बस. विचारायचं सोपं हाय. गप्प बसताना तुला ताप येईल बघ." परत येताना गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागं रखडली, ट्रॅक्टरवर डेक बोंबलत होता, दोन्ही अंगाला ऊसच ऊस, आणि सलिमा मनातल्या मनात त्या बाईला सगळं ऐकवत होती, तोंडावर जे एक अक्षर आलं नाही ते सगळं, इंदापूर येईपर्यंत.

आणि आज हे कोपर. ते कोपर तिच्या ओळखीचं होतं, म्हणून तर ती अशी फेऱ्या मारत होती. नववीत गणिताचे सर डस्टर फेकायचे. नेम लई भारी. बोलणारं पोरगं कुठल्याही बाकावर असू दे, लाकडी डस्टर भिरभिरत यायचं आणि पोरं कोपर वर करायची. हाडावर आदळायचं, गणवेशावर खडूचा पांढरा ठसा उठायचा, मधल्या सुट्टीत पोरी एकमेकींचे ठसे झटकायच्या. सलिमाचंही कोपर वर जायचं. मग एक दिवस गेलं नाही. त्या दिवशी तिनं डस्टर झेललं. झेललं आणि वर्ग श्वास धरून बसलेला असताना तसंच परत फेकलं. सरांच्या चष्म्याजवळनं गेलं, फळ्यावर फुटलं, धुरळा उडाला. तीच शाळा शेवटची. माफी माग म्हणाले, ती म्हणाली, न्हाय. ही गोष्ट लाइनवरच्या सगळ्या बायकांना पाठ होती, सलिमानं ती इतक्यांदा सांगितलेली. गोष्टीत ती कायम फेकणारी. कोपर वर करून बसायचे ते सगळे दिवस गोष्टीत नव्हते. फळ्यावर फुटून खाली पडलेल्या डस्टरचं पुढं काय झालं तेही नव्हतं. कुणी उचललं ते? आत्ता, मोहरी आणि हिंगाच्या वासात, पट्ट्याच्या घरघरीत, तिला उगाचच वाटलं की ते आपणच उचललं असणार. दप्तरात घालून आणलं असणार, आणि दप्तर टाकून दिलं तरी ते कुठंतरी राहिलंच.

जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ होता तेव्हा तिला डाग दिसला. डोळे तिचे पहिल्यापासून घारीचे, माझ्या नजरेतनं काय सुटत न्हाय हे तिचं ठरलेलं वाक्य. लीलाबाईच्या पांढऱ्या हातमोज्यावर, तर्जनीच्या टोकाला, लाल ठिपका. लाल ठिपके सगळ्यांच्याच हातमोज्यांवर होते, लोणच्याचं काम. पण मसाल्याच्या डागाला तेलाची पिवळी कड येते. ह्याला कड नव्हती. ए म्हातारे, काय लपवतीस गं? हे सगळं तयार होऊन दातांपर्यंत आलं, नेहमीच्या वेगानं आलं. सलिमानं दात आवळले. आत काहीतरी आपटून परत गेलं असं वाटलं. तेवढ्यात भोंगा झाला, पट्टा थांबला, बायका डबे घ्यायला गेल्या. बाहेर ट्रक उभा होता, आणि सकाळपासूनचे खोके त्यात चढत होते.

शेडच्या मागं नळांची ओळ आहे. तिथनं ट्रक दिसतो आणि लांब, पार हायवेवरच्या गाड्या चमकताना दिसतात. बायका जेवून हात धुत होत्या. लीलाबाई टोकाच्या नळाला, पाठ करून, एकच बोट धारेखाली धरून उभी. सलिमा तिच्या शेजारच्या नळाला जाऊन थांबली. नळ सोडला नाही.

"लीलाबाई," ती म्हणाली.

ओळीतले नळ एकेक करून बंद झाले. बाई लावून नाव कधी निघालंच नव्हतं ह्या तोंडातनं. लीलाबाईचा चेहरा पांढरा पडला. "काढतीस व्हय मला कामावरनं?" ती म्हणाली. "काढायचं आसंल तर सरळ सांग, बाई-बिई नको म्हनू. घरला ऊस हाय माझ्या, सून हाय, मी काय उपाशी मरणार न्हाय. मी येते ती माझ्या नावाचा पगार असावा म्हनून."

"काढत न्हाय. बोटाला काय झालं?"

झाला प्रश्न. आता गप्प.

"काय न्हाय," लीलाबाई म्हणाली. "टाचणी लागली."

शेडमधे टाचणी चालत नाही. बांगड्यासुद्धा दारात उतरवून ठेवायच्या. टाचणीचं ऐकून छकुलीनं मान फिरवली ते सलिमाला डोळ्याच्या कोपऱ्यातनं दिसलं. खोटं समोर उभं होतं, ओलं, हातात येण्यासारखं, आणि एका वाक्यात त्याचे तुकडे करता आले असते. तिनं जीभ दाढांच्या मधे धरली. ऊन डोक्यावर होतं. ट्रकवर माऊली हमाल ताडपत्री ओढत होता, ताडपत्रीचा फडफड आवाज थांबून थांबून येत होता. लीलाबाईच्या बोटावरनं पाणी ठिबकत होतं आणि दर थेंबागणिक परत एक लाल रेघ उमटत होती. बोल की. बोल. मॅडम म्हणाली होती ताप येईल, आणि खरंच आला, मानेवर, पोटऱ्यांत, कानामागं. गप्प बसणं म्हणजे काहीच न करणं असतं असं तिला आजवर वाटायचं. आता वाटलं, उसाची मोळी डोक्यावर घेऊन उभं राहणं सोपं. माऊलीनं ताडपत्रीला पहिली दोरी टाकली. लीलाबाई तिच्याकडं बघत होती, कधी ओरडणार ह्याची वाट बघत. ओरडणं आलं नाही. मग लीलाबाईच्याच तोंडाचा काहीतरी बांध ढिला झाला.

"टवका उडाला," ती म्हणाली.

कधी? कुठं? कुठल्या बरणीचा? तिन्ही प्रश्न सलिमानं गिळले.

"सकाळी. तू फडकं काढाया आलीस ना, त्याच्या जरा आदी. बारका तुकडा बोटात घुसला त्यो काढला मी. ऱ्हायलेला कुठं गेला म्हाईत न्हाय. आतच पडला आसंल कशात तरी." ती थांबली. "आमी आता वराडत न्हाय. खोकतो."

"खोकतो म्हंजे?"

उत्तर छकुलीनं दिलं, हुंदका आवरत. "टवका उडाला की जिला दिसला तिनं खोकायचं. का मग पुढचीनं बघायचं. हाताला लागंल ती बरणी पट्ट्याखालच्या टोपल्यात ढकलायची, तुला दिसायच्या आत. कधी घावती. कधी... न्हाय घावत. आज मी खोकले पण तू जवळच हुबी हुतीस. मी न्हाय हात घातला."

सलिमाला आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं, आणि कळताना सगळे खोकले एकदम ऐकू आले. सकाळचा खोकला. कालचे. दिवाळीनंतरचे सगळे. ठसका लागलाय म्हणून तीच तर म्हणायची, पाणी प्या गं, मराल. तिच्या नाकासमोर, तिच्या घारीच्या डोळ्यांसमोर अख्ख्या लाइननं एक भाषा तयार केली होती आणि ती भाषा सगळ्यांना येत होती, फक्त तिलाच येत नव्हती. काच सांगायला बायकांना तोंड होतं, तेही तिनंच बंद केलं होतं. राग आला, जन्मात आला नव्हता एवढा आला, आणि तो कुणावर सोडायचा तेच कळंना म्हणून नुसता आत फिरायला लागला.

"मगाशी माझा हात वर गेला तो तू बघितलास," लीलाबाई हळू म्हणाली. आता सुरू झाली ती थांबत नव्हती. "मला कुनी कदी मारलं न्हाय पोरी. बापानं न्हाय, मालकानं न्हाय, सासूनं बी न्हाय. आयाबाया म्हनायच्या, लीले, नशीब काढलंस. पर तुजा पाय मागं वाजला की हात आपुआप वर जातुया. कुटनं शिकला म्हाईत न्हाय. ह्या वयात."

ट्रक चालू झाला.

सलिमा पळाली. चप्पल नळापाशीच राहिली. खडी पायाला लागत होती, माऊली शेवटची गाठ मारून खाली उडी मारत होता, ड्रायव्हरनं आरसा नीट केला, आणि ती दोन्ही हात पसरून बोनेटसमोर जाऊन उभी राहिली. "बंद कर! उतरव माल!" ड्रायव्हरनं खिडकीतनं डोकं काढलं. "ताई, डोकं फिरलं का? संध्याकाळच्या आत पुण्यात पोच द्यायचीय मला." गाडीचा दम गेल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं. तेवढ्यात ऑफिसातनं यशराज सर आले. वालचंदनगरच्या क्वार्टरमधे वाढलेला माणूस, शर्टाची इस्त्री दुपारपर्यंत मोडत नाही असा.

"कुणाला विचारून थांबवलास?"

"टवका उडालाय सर. सकाळी. कुठल्या बरणीत हाय म्हाईत न्हाय. सकाळपास्नंचा सगळा माल आत घ्यावा लागंल."

"सगळा? अक्कल घरी ठेवून आलीस का? पार्टी तिकडं दुकान उघडून बसलीय. सकाळी उडाला आणि आत्ता सांगतेस? कोण होतं तिथं? नाव सांग."

नाव तोंडात तयार होतं. एक शब्द. तो टाकला की हे सगळं तिच्यावरनं सरकून मागं नळाच्या टोकाला जाऊन पडणार होतं, एका म्हातारीवर, आणि सलिमा होती तिथंच राहणार होती, लीडर. मागं बायका ओळीनं उभ्या होत्या. त्यांच्याकडं न बघताही तिला कळत होतं की कुणीसुद्धा खोकत नाहीये.

"टवका उडतो सर, त्याला कोण काय करणार. लपवला त्याचं नाव पायजे तर घ्या. सलिमा चाँदभाई."

"तू लपवलास?"

"माझ्या भ्यानं लपला."

यशराज सरांना क्षणभर समजलं नाही. मग समजलं तसे ते हसले. "हे शिकवलं काय त्या बारामतीच्या बाईनं? ह्याच्यासाठी पैसे भरून पाठवतो तुला? गावठी ते गावठीच. उद्यापासून फडकं घेऊन बस त्यांच्यातच, तुझी लायकी तेवढीच."

आणि डस्टर हातात आलं. अगदी खरं, लाकडाच्या वजनाचं. असंच अनिता मॅडमना म्हणून दाखवा की सर, त्यांच्या खुर्चीसमोर. हे वाक्य तिच्या तोंडात होतं, नेम धरलेला होता, बरोबर कपाळावर बसलं असतं, ड्रायव्हर हसला असता, माऊली हसला असता, आणि तिनं आयुष्यभर ही पण गोष्ट सांगितली असती. तिनं ते वाक्य धरून ठेवलं. झेललं, पण फेकलं नाही. हात मागं बांधले.

"एकच विचारते सर," ती म्हणाली. "काच असलेला माल जाऊ देऊ, का उतरवू?"

आणि गप्प बसली. दुसऱ्यांदा एकाच दिवशी. ड्रायव्हर कान टवकारून ऐकत होता. माऊलीच्या हातात दोरीचं टोक होतं, ते तो उगाच गुंडाळत होता. नळापाशी बायका. सरांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, फोन काढला, परत खिशात घातला. जाऊ दे, हे दोन शब्द एवढ्या माणसांदेखत मोठ्यांदा म्हणायचे होते. सलिमानं डोळा हलवला नाही, पण मनात तिला त्या माणसाची कीवच आली, गप्प बसलेल्या माणसापुढं उभं राहणं किती वाईट असतं ते तिला आजच कळलं होतं.

"उतरव," ते शेवटी म्हणाले. "सकाळी ऑफिसात ये. बघतो तुझं काय करायचं ते."

माल उतरला. पट्टा उघडून धुतला, पट्ट्याखालची टोपली बाहेर काढली, त्यात साठलेल्या बरण्या बायकांनी मोजून बाजूला ठेवल्या. सलिमा स्वतः गुडघ्यावर बसून टॉर्चनं खालचे कोपरे बघत होती. शेजारी लीलाबाई, बोटाला पट्टी, दुसऱ्या हातानं झाडत होती. आता ऐका, हितनं पुढं असं करायचं, असलं काही सलिमा बोलली नाही. काय बोलावं ते तिला येतच नव्हतं. उद्या आपण लीडर असू का पुसायला असू तेही माहीत नव्हतं. फक्त लाइन चालू करताना ती म्हणाली, "काच दिसली की वराडा. मी काय म्हणायचं ते माझं मी बघंन." आवाज करडाच निघाला, सवयीनं, आणि दोन-तीन बायका दचकल्याच. पट्टा सुरू झाला. टुकटुक. बरण्या एकमेकींना खेटून पुढं. सगळ्यांच्या माना नेहमीपेक्षा खाली. आणि थोड्या वेळानं छकुली खोकली.

अख्खी लाइन गोठली. हात जागच्या जागी. सलिमानं मान वळवली. छकुलीचे डोळे पाण्यानं भरलेले, तोंड लाल, एक हात छातीवर. "ठसका," ती कशीबशी म्हणाली, "आईशप्पथ, खराच ठसका लागलाय, मिरचीचा!" कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरी. मग लीलाबाईसुद्धा, टोपीखाली तोंड लपवून. सलिमाला हसू आलं का ते तिचं तिलाच कळलं नाही. ओठ ताठ झाले होते. ती लीलाबाईच्या मागं, हातभर लांब, उभी होती. जवळ जावं की लांब राहावं ह्या विचारात पाय वाजू नयेत म्हणून कितीतरी वेळ तिथंच उभी होती.

तेव्हा तो आवाज आला. अगदी बारका, दाताखाली खडा यावा तसा. लीलाबाईचा हात बरणीवर थांबला. तिनं बरणीच्या तोंडाकडं बघितलं. खोकायला छाती भरून आली होती, ते पाठीवरनं दिसलं. पट्टा पुढं सरकत होता. मग लीलाबाईनं तोंड उघडलं.

"काच!"

आवाज फाटका निघाला, कितीतरी दिवस न वापरलेला. सगळ्या वळल्या. सलिमाचा हात वर गेला, लीलाबाईच्या डोक्यावरनं, फळीच्या कडेला, आणि तिनं लाल बटण दाबलं. पट्टा थांबला. टुकटुक थांबली. लीलाबाईचं कोपर वर यायला निघालं होतं, ते छातीपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं, ना वर ना खाली. लीलाबाई त्याच्याकडं बघत होती. सलिमाही. तिचा हात अजून बटणावरच होता, आणि तो आता खाली कसा घ्यायचा, सावकाश की पटकन, ते तिला कळंना.